जुन्या टेम्पोला नवा सायलेन्सर?

आमच्या बचत गटाची भाजी पनवेलच्या बाजारात नेणारा टेम्पो जुना झालाय. सायलेन्सर गंजून फुटला. "मोठा बसवा, गाडी पळेल, डिझेल वाचेल," असा सल्ला मिळाला. आम्ही बैठकीत ठरवलं, कंपनीच्या मापाचाच घ्यायचा. मूळ बनावटीत मनाने केलेला बदल कायद्याला चालत नाही. आवाज-धुराचा नियम मोडला तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. म्हणजे आम्हा वीसजणींची, दरमहा शंभर रुपयांप्रमाणे, पाच महिन्यांची बचत! काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर आणि इंजेक्टर तपासून घ्या. तो दोष सायलेन्सर बदलून जात नाही. फुटका पाइप मात्र लगेच बदला. त्यातून वास नसलेला विषारी वायू केबिनमध्ये शिरू शकतो.