शिक्षकाची नवी साधने

पाठ्यपुस्तकाच्या पानावर हल्ली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन आढळतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमधील डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा यांनी तो तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. मोटारीचा सुटा भाग आणि मुलांची कविता यांचे नाते ते काय? परंतु सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी ते जुळविले. पाठाशेजारी हा चौकोन छापावयाचा. त्यावर मोबाईल धरला की कविता ऐकू यावी, धडा डोळ्यांपुढे दिसावा, अशी त्यांची योजना होती. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरांपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली.

साधन कारखान्यात जन्मास येते. वर्गातील त्याचा उपयोग मात्र शिक्षकालाच शोधावा लागतो. हा शोध बहुधा वह्या तपासून झाल्यावर, रात्रीच्या तासाभरात चालतो. कोणी चाचणी घेणारे साधन चालवून पाहतो, कोणी गृहपाठ गोळा करणारे. कोणी स्वतःच्याच जिज्ञासेपोटी मराठी विश्वकोश उघडतो. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आरंभलेल्या या कोशाचे जाडजूड खंड बेळगावच्या किंवा ग्वाल्हेरच्या लहानशा शाळेने कोणत्या कपाटात ठेवावेत? आज ते इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात. एवढा एकच लाभ झाला तरी तो तास सत्कारणी लागला म्हणावयाचे.

तथापि या बाजारात दुकाने उघडतात तशी बंदही होतात. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेल्या एडमोडोवर अनेक देशांतील शिक्षकांनी आपले वर्ग भरविले. सप्टेंबर २०२२ मध्ये ते बंद झाले. गूगलचा जॅमबोर्ड हा फळाही २०२४ अखेर पुसला गेला. आगाऊ सूचना मिळाली होती, हे खरे. परंतु ज्याने प्रश्न, टिपणे, मुलांचे लेखन, सारे तेथेच ठेवले आणि सूचनेकडे दुर्लक्ष केले, त्याच्या कित्येक वर्षांच्या श्रमाला ठावठिकाणा उरला नाही. पुस्तकातील तो चौकोनही अखेर एक पत्ताच आहे. पत्त्यावरचे बिऱ्हाड उठले, तर छापलेले चिन्ह मुके होते.

म्हणून नव्या साधनाची पारख जुन्याच रीतीने करावी. प्रथम ते शिक्षकाने स्वतः विद्यार्थी होऊन वापरावे. जेथे तो अडखळेल, तेथे मूलही अडखळेल. जे साधन दारातच मुलांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे फोन मागते, त्याला का म्हणून विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास परतावे. आणि प्रत्येक सत्राअखेर सर्व साहित्याची एक प्रत आपल्या घरी उतरवून घ्यावी.

एवढे करूनही एखाद्या दिवशी ऐन तासाला वीज जाईलच. त्या वेळी खडू उचलून जो तोच धडा पुढे चालू ठेवतो, त्याच्या हाती कोणतेही नवे साधन निश्चिंतपणे द्यावे.