आमच्या ‘पद्मिनी’ची चित्रफीत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोटारीवर बायकांनी काय बोलावे, असे कोणी म्हणेल. पण आमची ‘प्रीमियर पद्मिनी’ घरातलीच एक. कुर्ल्याच्या कारखान्यातील या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ साली मिळाले. मुंबईची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात इतिहासजमा झाली. आमची गाडी विकायचे ठरले, तेव्हा वाटले, निदान तिची चाल तरी घरात राहावी.

हाती फक्त मुलाचा मोबाईल! पण दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढच टिपली होती, आणि फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सरस्वतीबाई त्यांच्या जोडीला होत्या. मग आपण का कचरावे?

गोंदियाहून नवेगावबांधच्या वाटेवर, कोवळ्या उन्हात, मोबाईल आडवा धरून मी चित्रण केले. रंगरूप फोटोतही राहते. म्हणून आवाज मुद्दाम टिपले. दार लागल्याचा, स्टिअरिंगजवळचा गिअर पडल्याचा, इंजिन सुरू झाल्याचा. शेवटी यजमानांना गाडीशेजारी उभे केले. एरवी अबोल माणूस. पण लेकीला मध्यरात्री दवाखान्यात नेल्याची हकीकत सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. तीस वर्षांत हे ते माझ्याशीही बोलले नव्हते!

भगिनींनो, तुमच्या घरीही जाते असेल, शिवणयंत्र असेल. ते मोडीत देण्याआधी त्याचा आवाज टिपा, आणि ते वापरणाऱ्या माणसाला बोलते करा. वस्तू एकदा गेली, की तिच्याबद्दल विचारायचेही राहून जाते.