शर्यतीच्या वाटेने सावकाश

(आपल्या मंडळाच्या मानोरा येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनात दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होतात. आज माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकास उभे करण्यात चिटणीसांनी थोडे धाडसच केले आहे. विषय कोणता घ्यावा, असे त्यांना विचारले, तेव्हा ‘मुलांना गोडी वाटेल असा घ्या,’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या मार्गावरील प्रेक्षणीय स्थळांविषयी मी चार शब्द बोलणार आहे. त्यातून शेवटी मला एक मागणीही करावयाची आहे. ती आधीच सांगून ठेवतो, म्हणजे फसवणूक झाली असे कोणी म्हणणार नाही.

माझे थोरले बंधू पोटासाठी मुंबईस गेले आणि गिरणीत लागले. त्यांच्याकडे गेलो असता एका हिवाळ्यात त्यांनी मला खोपोलीस नेऊन ही शर्यत दाखविली. मानोऱ्याच्या शाळेत आम्ही दोघे एकाच सायकलीवर येत असू. त्यामुळे सायकल म्हणजे आम्हांस घरचेच माणूस. डोळ्यांसमोरून स्वार गेले, ते पाखरांचा थवा जावा तसे! सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर हे वीर चार तासांच्या आत तोडतात आणि बोरघाटाची चढण जो सर्वांआधी चढेल त्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. बंधू म्हणाले, ‘या राजाला घाट काही दिसत नसेल रे. आपण एकदा सावकाश जाऊ.’ पुढे तीस वर्षे त्यांनी त्या घाटातून रेल्वेने ये-जा केली. पण सावकाश जाणे राहूनच गेले. ते वारल्यानंतर मी एकटाच त्या वाटेने गेलो. जे पाहिले ते सांगतो.

मुंबई सोडून पनवेल मागे टाकले की डाव्या हातास माथेरान व प्रबळगडाचे डोंगर सोबतीस येतात. चौकजवळ इरशाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्याच कुशीतील इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. डोंगर सुंदर असतो तसाच कठोरही असतो, हे मुलांना तेथे उभे राहून सांगावे.

पुढे खोपोली. नाना फडणविसांनी बांधविलेला विस्तीर्ण तलाव व महादेवाचे देऊळ येथे आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून त्यावर वीज काढण्याचा टाटांचा कारखाना १९१५ मध्ये येथे सुरू झाला व मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. कपाशी पिकविणाऱ्या आपल्या वऱ्हाडाने हे स्थळ अवश्य पाहावे. आपल्या कापसाचे सूत मुंबईस कोणत्या बळावर निघाले, याचे उत्तर तेथे मिळते.

येथून बोरघाट सुरू होतो. गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० मध्ये तयार झाला व १८६३ मध्ये रेल्वेही घाट चढली. घाटात शिंगरोबाचे लहानसे देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबास डोंगरातली वाट दाखविली आणि त्याचे बक्षीस म्हणून त्यास प्राण गमवावे लागले, अशी कथा लोक सांगतात. जाणारा-येणारा तेथे नाणे वाहतो. वाट दाखविणाऱ्याचे ऋण नाण्याने फिटत नाही. पण आठवण राहते. १८३० मधला ‘अमृतांजन’ पूल मात्र आता पाहावयास मिळणार नाही. तो २०२० मध्ये पाडण्यात आला.

खंडाळ्यास राजमाची पॉइंटवरून खाली उल्हास नदीचे खोरे व समोर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. सपाट माळाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांस ती खोली पाहून क्षणभर घेरीच येते. लोणावळ्यास चिक्की घ्यावी. पण पावसाळ्यात भुशी धरणाच्या ओढ्यात उतरू नये. ३० जून २०२४ रोजी तेथील धबधब्यात एका कुटुंबातील माणसे पाहता पाहता वाहून गेली.

यापुढची स्थळे मला सर्वांत मोलाची वाटतात. कार्ल्याचे लेणे पहा. त्या चैत्यगृहास सदतीस खांब असून छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षे टिकल्या आहेत. शेजारीच एकवीरा देवीचे स्थान. परंतु मी अधिक वेळ थांबलो तो भिंतींवरील लेखांपाशी. कोणी वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, कोणी सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, कोणी सुतार, अशी दात्यांची नावे तेथे कोरली आहेत. मला आपल्या स्मरणिकेतील देणगीदारांची यादी आठवली! एवढे अद्भुत काम एकट्या राजाच्या खजिन्यातून झालेले नाही. अनेकांच्या वाट्यांतून उभे राहिले आहे.

समोरच्या डोंगरात भाजे लेणी आहेत. ती कार्ल्याहूनही जुनी. तेथील शिल्पात तबल्यासारखे वाद्य वाजविणारी स्त्री व तिच्या तालावर नाचणारी नर्तकी दिसते. वरती लोहगड आणि त्याची लांबच लांब विंचूकाटा सोंड. २०२५ मध्ये ज्या बारा मराठा दुर्गांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हा एक होय.

वडगाव मावळास जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंदे यांनी इंग्रजांच्या फौजेस कोंडून तह करावयास भाग पाडले. पुढे तळेगाव. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये येथे काचेचा कारखाना निघाला. आणि शेवटी, मुख्य रस्ता थोडा सोडून इंद्रायणीकाठचे देहू. तुकोबांच्या गावी कोणी कितीही वेगाने आलेला असो, त्याचे पाऊल आपोआप मंदावते.

बंधुभगिनींनो, सायकलस्वारांचा वेग मी कमी लेखत नाही. नाशिकच्या डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये, तर आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, अमेरिका एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सायकलीने ओलांडण्याची शर्यत पुरी केली. ते अंतर सुमारे तीन हजार मैलांचे! त्यांचा अभिमान धरावा. परंतु त्यांचा वेग त्यांच्या पायांनी कमावलेला आहे. आपली मुले पुण्याला जातात ती रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये झोपून. समृद्धी महामार्ग कारंज्यावरून जातो आणि आता मुंबईही जवळ आली. सोय झाली, हे खरेच. पण झोपेत ओलांडलेला मुलूख आपला होत नाही.

आता मागणी. मंडळाची विद्यार्थी-सहल गेली दोन वर्षे पैशांअभावी रद्द झाली. संमेलनाच्या पंगतीत मात्र पक्वान्ने दोनच राहिली, एक झाले नाही. मीही त्या पंगतीस बसलो, म्हणून दोष माझाही आहे. यंदा एक पक्वान्न कमी करावे, प्रत्येक घराने यथाशक्ति भर घालावी, आणि सोयाबीन निघाल्यावर दिवाळीच्या सुटीत मुलामुलींना या वाटेने न्यावे. मुलींना आधी न्यावे. सहलीच्या यादीतून पहिले नाव खोडले जाते ते त्यांचेच. अकोल्याहून रेल्वेने मुंबई, तेथून जुन्या रस्त्याने तीन दिवस: पहिल्या दिवशी खोपोली व खंडाळा, दुसऱ्या दिवशी कार्ले, भाजे व लोहगड, तिसऱ्या दिवशी वडगाव, तळेगाव व देहू. परतीस पुण्याहून रात्रीची गाडी आहेच. तेव्हा मुले खुशाल झोपोत.

माझ्या बंधूंच्या नावे सहल निधीत पहिली रक्कम मी आजच चिटणीसांकडे देत आहे. ‘एकदा जाऊ’ असे म्हणत आम्ही दोघांनी तीस वर्षे घालविली. तुम्ही यंदाचीच दिवाळी धरा, एवढीच विनंती.