भाताचे ताट आणि मधुमेह

(चिपळूण येथे सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मधुमेह हा शहरातल्या सुखवस्तू, स्थूल माणसांचा रोग, अशी समजूत आपल्या गावोगावी रूढ आहे. शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाला तो कसा होईल, असे आपण विचारतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी, परंतु त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक, असे त्यांना आढळले. म्हणजे वरून कृश दिसणारे शरीरही या रोगापासून सुरक्षित नसते.

भात सोडावा काय?

मधुमेह झाल्याचे कळताच कोकणी माणसाचा पहिला प्रश्न असतो, "मग आता भात बंद?" भीतीपोटी काहीजण चार दिवस भात सोडतात आणि पाचव्या दिवशी पूर्वीइतकाच खातात. या दोन्ही गोष्टी टाळावयास हव्यात. पांढऱ्या तांदळाचा कोंडा व तंतू कांडपात निघून जातात, म्हणून त्याची साखर रक्तात लवकर उतरते. भाताचे माप कमी करून सोबतीचे पदार्थ वाढविले, तर हा वेग मंदावतो. ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबिरीचा, एक चतुर्थांश कुळीथ, डाळ किंवा मासळीचा, आणि उरलेला चतुर्थांश भात किंवा भाकरीचा असावा. आधी भाजी व उसळ, नंतर भात, असा क्रम ठेवल्यासही लाभ होतो.

यासाठी परक्या अन्नाची गरज नाही. नाचणी, वरी, कुळीथ, बांगडा ही आपलीच संपत्ती आहे. मात्र नाचणीचे पीठ बारीक दळून पातळ पेज केली, तर तिचीही साखर लवकर चढते, भाकरी बरी. उपवासाचा साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. साखरेऐवजी गूळ घेतल्याने मधुमेही सुरक्षित होत नाही.

आपल्यासारखाच भातावर वाढलेला देश म्हणजे दक्षिण कोरिया. तांदळाच्या तुटवड्यामुळे १९६० व १९७० च्या दशकांत तेथील शासनाने भातात सातूसारखी धान्ये मिसळण्याचा आग्रह धरला. शिक्षक मुलांचे डबेही तपासीत. हेतू टंचाई निवारण्याचा होता, मधुमेहाचा नव्हे. आज मात्र तेथील मधुमेहींना नुसत्या पांढऱ्या भाताऐवजी असाच मिश्र धान्यांचा भात खाण्याचा सल्ला दिला जातो.

औषध आणि आहार

आहार सुधारला म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करणे घातक आहे. औषध घेऊन जेवण चुकविणेही तितकेच धोक्याचे. अंगाला घाम, थरथर, भोवळ जाणवली व रुग्ण शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपलेल्यास तोंडावाटे काहीही न देता रुग्णालयात न्यावे. २२ जुलै २०२१ चा महापूर चिपळूणकर विसरलेले नाहीत. पावसाळ्यापूर्वी औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी जलरोधक पिशवीत, उंचावर ठेवावी.

रोग दुर्लक्षिल्यास डोळे, मूत्रपिंडे व पाय यांना इजा होते. बधिर पायाला चिखलात झालेली जखम कळत नाही, ती चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. मग राबणारे हात असूनही घर बसते.

आपण काय करावे?

तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. उपाशीपोटी रक्तशर्करा दर डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम वा अधिक आढळल्यास पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ग्रामपंचायतीने आशाताईंच्या साहाय्याने वाडीवार यादी करावी. सर्वांमागून जेवणारी, उरलेल्या भातावर भागविणारी गृहिणी या यादीतून सुटू नये. शिक्षकांनी मुलांना ताटाचे भाग फळ्यावर काढून दाखवावेत. ग्रामसभेत बिस्किटांऐवजी मोड आलेले मूग ठेवता येतील. त्याला वेगळ्या अनुदानाची गरज नाही.

भात आपल्या ताटात राहू द्या. त्याचे माप मात्र आपल्या हाती असू द्या.