जुळ्या कोकरांचा ताळेबंद
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मी शेतकी कॉलेजात शिकलो, पदवी घेतली, प्रयोगांचे अहवाल लिहिले. त्यांत वजनवाढीचा रकाना असे, खुराकाचा असे. शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हा रकाना नसे. आज त्या रकान्याबद्दल बोलायचे आहे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम पाहा. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी. संस्थेने संकर करून तो गुण दख्खनीत आणला. 2001 साली या गुणामागचे जनुक नेमके कळले, आणि रक्त तपासून मेंढा निवडता येऊ लागला. त्यातूनच 'नारी सुवर्णा' आली. संस्थेने धनगरांच्या कळपांतही मोजणी केली, हे मला मोलाचे वाटते.

आता आपण आपला हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. शंभर मेंढ्यांना पूर्वी शंभर कोकरे होत, पाच दगावत, 95 विकायला येत. आता 140 झाली, 15 दगावली, 125 उरली. म्हणजे 30 जास्त. नगाला 4,000 रुपये धरले तर 1,20,000 रुपये वाढले. त्यातून जुळ्यांच्या आईची पेंड, कडबा, औषध आणि घरच्या बाईची रात्रीची जागरणे वजा करा. शिवाय जुळे कोकरू अंगाने हलके. व्यापारी काट्यावर न घालता नजरेने भाव करतो. त्याने नगामागे 300 रुपये कमी लावले, तर 125 कोकरांवर 37,500 रुपये गेले. मेंढी सुधारली, काटा नसेल तर सुधारणेचा वाटा व्यापाऱ्याच्या घरी गेला.

दुसरी गोष्ट गायरानाची. पूर्वीची 95 कोकरे आता 76 मेंढ्यांत मिळतील, चराईचा ताण कमी होईल, असे सांगतात. खरे आहे, पण 24 मेंढ्या विकल्या तरच. शंभरच्या शंभर ठेवल्या, तर गायरानावर 30 तोंडे वाढली. मिळकतही वाढली आणि रानही वाचले, असे दोन्ही फायदे पूर्ण धरणे म्हणजे एकच कोकरू दोनदा विकणे. आपल्या बाजारात ते चालत नाही, अहवालातही चालू देऊ नका.

ऑस्ट्रेलियात जनावर विकले की मालकाकडून संशोधनासाठी पैसे कापतात, सरकार त्यात भर घालते. पैसा दिला म्हणून तो हिशेब मागतो. आपण काडेपेटी घेतली तरी कर भरतो. मग आपणच का गप्प?

उस्मानाबादी शेळीला जुळी नवी नाहीत. आपला प्रश्न जन्माचा नाही, जगण्याचा आणि भावाचा आहे. बैलांचे तर 2015 च्या कायद्याने म्हातारपणी गिऱ्हाईकच गेले. हाताशी उरली ती शेळी-मेंढी.

म्हणून एकच काम सांगतो. घरातल्या शाळकरी पोराची वही घ्या. पाच रकाने आखा: किती जन्मली, किती दगावली, किती विकली, खर्च किती, हाती किती राहिले. वर्षभर भरा. ज्या गावात वीस वह्या होतील, त्या गावाने वर्गणी काढून काटा आणावा. त्या वह्या घेऊन आपण परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊ. भांडायला नाही, संशोधकांना त्यांचा राहिलेला रकाना भरून द्यायला.