उत्तराबरोबर रीतही लिहा



गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहिले तर पूर्ण गुण मिळत नाहीत, रीत दाखवावी लागते. पाचवीतल्या मुलालाही हे ठाऊक असते. परंतु हाच मुलगा पुढे संशोधन करू लागला व संगणकावर आकडेमोड करू लागला, की पुष्कळदा हा नियम विसरतो. आज शेती, वैद्यक, अर्थशास्त्र अशा अनेक विषयांतले गणित संगणकाकडून करवून घेतले जाते. त्यासाठी लिहिलेल्या सूचना म्हणजे कोड. हा कोड हीच संशोधकाची रीत होय. 'अल्गोरिदम' हा शब्दही नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला आहे, आणि त्याचा अर्थ पायरीपायरीने सांगितलेली रीत असाच आहे.

रीत इतरांना दिसली नाही तर काय होते? २०१० साली राइनहार्ट व रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी लिहिले की, देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की विकास जवळजवळ थांबतो. अनेक देशांच्या राजकारण्यांनी काटकसरीसाठी त्याचा आधार घेतला. पुढे थॉमस हर्नडन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याला तेच उत्तर काही केल्या येईना. त्याने मूळ तक्ता मागवला. पाहतो तो सरासरीच्या सूत्रात पाच देश राहूनच गेलेले! ही चूक सुधारून, आकडे निवडण्या-जोडण्याची पद्धतही बदलल्यावर उणे ०.१ टक्क्याच्या जागी २.२ टक्के आले. हे २०१३ साली उघड झाले. तक्त्यातली चूक लेखकांनी मान्य केली, पण मध्ये तीन वर्षे गेली होती.

आता आपल्या धानाचे उदाहरण घेऊ. समजा, तुमच्यापैकी कोणी सडक अर्जुनी तालुक्यातील पाऊस व धानाचे उत्पादन यांचा संबंध अभ्यासतो आहे. पहिली गोष्ट, आणलेले मूळ आकडे तसेच ठेवा, त्यांना हात लावू नका. दुरुस्ती करायची ती कोडमध्ये करा, म्हणजे काय बदलले ते दिसते. पावसाची नोंद न झालेला दिवस आणि शून्य पावसाचा दिवस एक नव्हे. रिकामी जागा शून्य धरली की सरासरीच फसते. नावे बोलकी द्या. 'अ' आणि 'ब' पेक्षा 'क्षेत्र_हेक्टर' असे लिहिले, तर एकर व हेक्टर यांची गल्लत होणार नाही. आणि एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, हे विसरून चालत नाही. एकच काम चार ठिकाणी उतरवू नका, एकदा लिहून पुनःपुन्हा वापरा. ज्याचे उत्तर हाताने काढता येते अशा चार-पाच ओळींच्या आकड्यांवर कोड आधी तपासा. नमुना चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडत असाल, तर 'सीड' हा आकडा नोंदवा, म्हणजे दुसऱ्यालाही त्याच चिठ्ठ्या मिळतील. कोणत्या आवृत्तीची साधने वापरली ते लिहून ठेवा. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे 'गिट' विनामूल्य मिळते, ते शिका. शेवटी सर्व सामान मित्राच्या हाती द्या. तुम्हाला काही न विचारता त्याला तेच उत्तर आले, तर काम पुरे झाले समजावे.

हे मोठ्या प्रयोगांतही चालते. गुरुत्वीय लहर प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रांवर टिपली गेली. अशा क्षीण लहरी गोंगाटातून ओळखण्याच्या गणितात पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये शोध जाहीर करतानाच त्याचे आकडे व नमुना-कोड सर्वांसाठी खुले केले गेले. २०१७ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी त्याच आकड्यांवरून शंका उपस्थित केली. इतर गटांनी पुन्हा गणित मांडले आणि शोध टिकला. शंका घेण्याची वाट मोकळी होती म्हणूनच जगाचा विश्वास बसला. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ असेच यंत्र उभारण्यास २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. तेथे उद्या आपली मुले का नसावीत?

पालकांना एकच विनंती. मुलाला 'किती टक्के पडले?' असे विचारता, तसे 'कसे केलेस, मला समजावून सांग' असेही विचारा. आपल्या मुलांच्या मागे मोठी ओळख नाही, वशिला नाही. परंतु ज्याचे काम कोणीही, कुठेही पुन्हा करून पाहू शकतो, त्याला शिफारसपत्राची फारशी गरज पडत नाही. सौंदडचे नाव न ऐकलेला परीक्षकही तेच आकडे, तोच कोड चालवील आणि त्याला तेच उत्तर येईल. ज्ञान ही अमानत आहे, ती हिशेबासह सोपवावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.