सुतक, अभ्यास आणि भडंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘रमाबाई रानडे’. मी त्यांना म्हटले, “अहो, मी सातवी शिकलेली. रमाबाईंवर बोलायला कॉलेजातल्या बाईंना बोलवा.” त्या म्हणाल्या, “कपाटातलं ते पुस्तक वर्षभर तुमच्याच घरी आहे. एक तर बोला, नाही तर पुस्तक परत करा.” म्हणून उभी राहिले आहे. रमाबाईंविषयी सांगताना माझेही थोडे मध्ये येईल, ते गोड करून घ्यावे.

माझे सासर साताऱ्याचे आणि माहेर सागरेश्वराच्या डोंगराजवळचे. श्रावणी सोमवारी आई आम्हां भावंडांना सागरेश्वराला न्यायची. त्या बाजूलाच देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला, हे आम्हांला शाळेत सांगितले होते. पण त्याच गावी २५ जानेवारी १८६२ रोजी कुर्लेकरांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली आणि पुढे तीच रमाबाई रानडे झाली, हे मला चाळिशी उलटल्यावर आपल्या मंडळाच्या कपाटातून कळले. तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा काढला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. तेव्हा रमाबाई कोणाच्या, यावरून सातारकरणींनी आणि सांगलीकरणींनी भांडायचे कारण नाही.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल ओढ्यापलीकडच्या गावी. पावसाळ्यात ओढा भरला की वाट बंद, म्हणून माझे शिक्षणही बंद झाले. पुढे लग्न, मुले, सासूबाईंचे दुखणे. गेल्या वर्षी माझी मुलगी म्हणाली, “आई, सतरा नंबरचा अर्ज भरू या. घरी अभ्यास करून दहावीला बसता येतं.” हे नुसते हसले आणि फीचे पैसे काढून दिले. अर्ज भरला आणि महिन्याभरातच सांगलीहून भावाचा फोन आला की आईला बरे नाही.

मग दर शुक्रवारी दुपारी एस.टी. धरायची आणि रविवारी रात्री परत यायचे. २०२३ सालापासून आपल्याला तिकीट अर्धे झाले आहे, तेवढाच हात मोकळा. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा, मग सांगली. तीन-साडेतीन तास बसायचे. बायका म्हणतात, घर सांभाळून शिकणे म्हणजे तारेवरची कसरत. मला तो शब्द पटत नाही. डोंबाऱ्याची पोर तारेवरून चालते तेव्हा तिच्या हातात एकच काठी असते. माझ्या एका हातात आईसाठी मऊ भाताचा डबा, दुसऱ्या हातात बीजगणित, आणि खिडकीशी बसलेली बाई सोबत म्हणून तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगते आहे. अशा वेळी तोल सांभाळणार तरी कसला? जे हाताशी येईल ते करायचे. उंब्रजच्या पुढे गणित डोक्यात शिरेनासे झाले की पिशवीतून रमाबाईंच्या आठवणी काढायच्या. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्या पुस्तकाचे नाव. १९१० साली निघाले, गोपाळराव गोखल्यांची प्रस्तावना आहे.

आष्टा आले की मला आणखी एक बाई आठवायच्या. काशीबाई कानिटकर त्या गावच्या, जन्म १८६१ चा. शाळेचे तोंड न पाहता घरीच लिहायला-वाचायला शिकल्या आणि १८८९ साली डॉक्टर आनंदीबाई जोशींचे चरित्र लिहिले. आनंदीबाईंचे तर तुम्हांला ठाऊकच आहे. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांचे होऊन गेले, आणि तिथूनच डॉक्टर व्हायचे त्यांच्या मनाने घेतले. १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. तो भाग मला बसमध्ये वाचवत नसे.

रमाबाईंचे तसे नाही. त्यांचे पुस्तक वाचताना मधूनच हसू येते. खरे तर त्यांचा संसारच दुःखाच्या घरात सुरू झाला. १८७३ च्या ऑक्टोबरात माधवरावांची पहिली पत्नी वारली आणि डिसेंबरात हे लग्न लागले. माधवरावांच्या मनात विधवेशी लग्न करायचे होते, पण वडिलांपुढे त्यांचे चालले नाही. मुलगी अकरा वर्षांची आणि नवरा बत्तिशीला टेकलेला. आज ऐकतानाही अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण ज्या घरातले दुःख अजून ओले होते, त्या घरात त्यांनी या मुलीच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. दिवसा सासरच्या बायकांचे टोमणे, रात्री धडे. मराठी झाले, मग इंग्रजी. १८८४ साली पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून मागणे वाचून दाखवले. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा निघाली. सभेत टाळ्या आणि घरी बोलणी, असे त्यांचे चालले होते. पुढच्या खोलीत कौतुक आणि स्वयंपाकघरात अबोला, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना सांगायला नको.

आईला मी हे सगळे वाचून दाखवत असे. आई अंगठा उठवणारी. जन्मभर शेतात आणि पुढे तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर गेली. बेदाणा निवडताना हिरवा, पिवळा, काळा असा डोळ्यांनीच वेगळा करायची. अक्षर मात्र एकही ओळखता येत नव्हते. तिला फार आवडली ती कलकत्त्याची गोष्ट. १८८६ साली माधवराव सरकारी कामावर कलकत्त्याला होते, तेव्हा त्यांनी बंगाली शिकायला घेतले. एकदा सकाळी रमाबाईंना बाहेर कोणाशी तरी बंगाली बोलणे चाललेले ऐकू आले. पाहतात तो न्हावी दाढी करतो आहे, माधवराव मोठ्याने बंगाली पुस्तक वाचताहेत आणि चुकले की न्हावी उच्चार सुधारून देतो आहे. रमाबाईंना हसू आवरेना. त्यांनी चेष्टा केली तेव्हा माधवरावांनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला दिला. मग त्यांनी रमाबाईंनाही बंगाली शिकवले.

आई इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. भावजय पाणी घेऊन धावली. उबळ थांबल्यावर आई म्हणाली, “एवढा मोठा जज्ज न्हाव्याकडनं शिकतो, मग तू पोरीकडनं शिकायला लाजू नगंस.” गणित मुलगी शिकवते आणि ती ओरडते, असे मी तिच्याकडे गाऱ्हाणे केले होते, ते तिने ध्यानात ठेवले होते. मग तिने भडंग मागितले. डॉक्टरांनी तिखट-तेलकट बंद केले होते. तिला भडंगाचे भारी वेड. लसूण जास्त, शेंगदाणे जास्त आणि वर कच्चा कांदा. भावजयीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. चमचाभर दिले. तिने ते पंधरा मिनिटे खाल्ले.

पुढच्या शुक्रवारी मी गेले नाही. सोमवारी माझी तोंडी परीक्षा होती. म्हटले, दोन दिवस घरी बसून तयारी करू आणि परीक्षा झाली की लगेच निघू. सोमवारी शाळेच्या पायऱ्या उतरत होते, तोच फोन आला.

त्या प्रवासात माझ्या पिशवीत एकही पुस्तक नव्हते. एवढेच सांगते.

लग्न झालेल्या मुलीला आईबापांचे सुतक तीन दिवसांचे. भावाला दहा, मला तीन. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतले की मी मोकळी, असे शास्त्र. पण नात्यातल्या एक वडील बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आता यंदा परीक्षा नको. आई गेली आणि ही पेपर लिहीत बसली, असं लोक म्हणतील.” पुढे हळूच म्हणाल्या, “त्या परीक्षेपायीच तुला तिचं तोंड दिसलं नाही.” शास्त्राने तीन दिवसांत मोकळे केले आणि बायकांनी वर्षाचे बांधले. त्यांच्या शेवटच्या बोलण्याला मात्र माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. भाऊ म्हणतो, तू आली असतीस तरी तिला शुद्ध नव्हती. तो खरे सांगतो की माझ्यासाठी सांगतो, हे मी त्याला विचारलेले नाही.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्या बायका ओसरीवर बसलो होतो. मामेबहीण म्हणाली, “आत्या शेडवरनं यायची तेव्हा ओच्यात भडंगाची पुडी असायची. कुणी मागितलं तर म्हणायची, औषध आहे.” एकजण फिस्स करून हसली आणि मग सगळ्याच हसलो. माझी भावजय, जिने दोन महिने आईची सगळी उस्तवार केली, ती तर डोळे पुसत हसत होती. तेवढ्यात कोणीतरी समाचाराला आले आणि आम्ही एकदम पदर तोंडाला लावला. मला त्या पदराची लाज वाटली, हसण्याची वाटली नाही. आईच्या आठवणीने जर भडंगाच्या पुडीसह यायचे म्हटले, तर तिला दारातच कशी अडवणार?

तेव्हा मला रमाबाईंच्या पुस्तकातली एक गोष्ट नव्याने कळली. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. रमाबाईंना एकोणचाळिसावे पुरे व्हायला नऊ दिवस होते. रीतीप्रमाणे त्या वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. विधवा बाया, संसारातल्या बाया, अर्धे शिक्षण टाकून आलेल्या प्रौढ बाया तिथे पाटी घेऊन बसू लागल्या. त्याच सुमारास ह्या आठवणी लिहिल्या. पुस्तक माधवरावांच्या मृत्यूपाशी थांबते, म्हणजे ते दुःखाचेच पुस्तक आहे. पण त्यात तो न्हावी आहे. त्यात आंबा आहे. एकदा रमाबाईंनी छान आंबा चिरून पुढे ठेवला तर माधवरावांनी एक-दोन फोडी खाऊन हात आवरला. जिभेला ताब्यात ठेवावे, असा त्यांचा नेम. (मला विचाराल तर हापूस समोर असताना हा नेम मला झेपणारा नाही, आणि रमाबाईंनाही तो मनापासून रुचला असेल असे वाटत नाही.) सांगायचे हे, की आठ-नऊ वर्षांच्या वैधव्यानंतर ती बाई कलकत्त्यातले आपले हसणे आठवते आणि ते लिहून छापते. त्या काळी विधवेने हसलेले लोकांना खपत नसे. ते त्यांनी झाकून ठेवले नाही.

नात्यातल्या त्या बाईंना मी काही उलट बोलले नाही. साताऱ्याला आले आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडले. पहिले चार दिवस एक ओळ वाचायची आणि खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत बसायचे. इतिहास वाचताना आई, विज्ञान वाचताना आई. गणित करताना मात्र ती येत नसे. बेरीज चुकते म्हणून तेवढा वेळ मन त्यातच राही. एरवी मला गणिताचा तिटकारा, पण त्या दिवसांत मी आपण होऊन गणित काढून बसायची. संध्याकाळी हे म्हणायचे, “चल, राजवाड्यापर्यंत चक्कर मारू.” दुसऱ्या आठवड्यात एकदा त्यांनी भेळ घेतली. मी म्हटले, “आताच नको.” ते म्हणाले, “तुझी आई असती तर तिनं दोन घेतल्या असत्या.” मी खाल्ली. आपल्या मंडळातल्या एकीने ते पाहिले आणि ते दोघी-तिघींच्या कानावर गेले, हे मला माहीत आहे. तिच्यावर राग नाही. ती इथेच बसली आहे, माझ्याकडे बघून हसतेही आहे.

परीक्षा दिली. निकालाची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. पाच विषय सुटले, मराठीत चांगले गुण पडले आणि गणित राहिले. ज्या गणिताने मला सांभाळले त्यानेच दगा दिला, असे हे म्हणतात. तेव्हा स्मरणिकेत माझ्या नावापुढे काय लिहायचे, असे चिटणीसबाईंनी विचारले, त्यांना मी ‘सातवी’च लिहायला सांगितले आहे. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला आहे.

पंधरा मिनिटे होऊन गेली वाटते. पुस्तक आज मी परत आणले आहे. आष्ट्याच्या पुढे एका पानावर डब्यातल्या वरणाचा डाग पडला, त्याची भरपाई द्यायला मी तयार आहे. मागच्या टेबलावर दोन मोठे डबे भडंग ठेवले आहे. ते मी केले आहे, आईच्या हातचे नाही. तिखट थोडे पुढे गेले आहे, बेताने घ्यावे. आणि इथे जमलेल्यांपैकी ज्या कोणाला वर्गसमीकरणे येत असतील तिने चहा झाल्यावर कृपा करून मला भेटावे. माझी मुलगी परवा पुण्याला जाणार आहे.